मागच्या दाराची शिट्टी

दिल्लीला मला विमानाने पाठवले ते शेठजींच्या घाईमुळे. त्यात माझ्या योग्यतेचा भाग फारसा नव्हता. सुरतेत प्लेग आला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सुरतेजवळच्या पलसाण्याच्या ज्या डाईंग मिलच्या प्रयोगशाळेत मी काम करत होते, तिथून गेलेल्या साड्यांचा रंग तिकडच्या व्यापाऱ्याला पसंत पडला नव्हता. नमुने पुढे ठेवून रंग कुठे फिरला हे समजावणारे माणूस हवे होते. रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन मी अठरा वर्षे घरी काढली होती आणि एक्केचाळिसाव्या वर्षी नोकरीला लागले होते. चार लोकांसमोर बोलणे मला आजही जमत नाही. तेव्हा तर मिलमध्ये कुणी काही विचारले तरी मी कागदावर लिहून दाखवत असे.

मुंबईहून विमानात बसले. जागा अगदी शेवटच्या रांगेत, मागच्या दाराला लागून. विमान वर चढू लागले तशी त्या दाराच्या कडेतून बारीक शिट्टी येऊ लागली. एक हवाई सुंदरी, माझ्या थोरल्या मुलीपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल, वाकून दाराला कान लावत होती. तिने भिंतीवरचा फोन उचलला. माझी नजर तिच्याकडे आहे हे पाहून ती मराठीतच म्हणाली, "हवा सुटते आहे वाटतं. कॅप्टनना कळवते."

ती शिट्टी माझ्या रोजच्या ओळखीची होती. आमच्या मिलमध्ये पॉलिस्टर रंगवण्याची जी बंद यंत्रे असतात, त्यांत पाणी उकळीच्याही वर तापवून दाबाखाली फिरवतात. झाकणाचे रबर झिजले की कडेतून अशीच शिट्टी वाजते. यंत्र थांबवले तर आतला सगळा माल डागाळतो, म्हणून आमचे खानदेशी ऑपरेटर काका ओल्या कापडाची पट्टी त्या फटीत दाबून बसवत आणि म्हणत, "काही व्हत नही, ताई." खरोखरच काही होत नसे. दोन वर्षे मी ते पाहत आले होते.

आयुष्यात न विचारता मी फार थोड्या वेळा बोलले आहे. त्यातली ही एक.

"आमच्याकडे ओलं फडकं दाबतात," मी म्हणाले. "काही होत नाही."

"तुमच्याकडे म्हणजे कुठे?"

"साड्या रंगवतात तिथे. सुरतला."

ती हसली. "मग परत येताना आमचं विमान तुमच्याकडेच टाकू, मॅडम. रंगही मिळेल." तिने फोन जागेवर ठेवला, दोन कापडी रुमाल भिजवून आणले आणि दाराच्या कोपऱ्यात ठासून बसवले. शिट्टी थांबली. मला, खरे सांगायचे तर, अभिमान वाटला.

पुढे किती वेळ गेला कोण जाणे. एकदम धप्प असा आवाज झाला, कानांत सळई घातल्यासारखी कळ गेली आणि सगळीकडे धुके पसरले. विलक्षण थंडी. डोक्यावरून पिवळे मुखवटे खाली लोंबू लागले आणि विमान नाक खाली करून उतरायला लागले. माझा मुखवटा समोर लोंबत होता आणि मी, कुणीतरी घ्या म्हणेल म्हणून, हात मांडीवर ठेवून बसले होते. ती मुलगी खुर्च्यांना धरत, रिकाम्या जागेवरच्या मुखवट्यातून एक श्वास घेत माझ्यापर्यंत आली. माझा मुखवटा ओढून तिने तोंडावर बसवला आणि पुन्हा मागे वळली. विमान अहमदाबादला उतरले. काहींच्या कानांतून रक्त आले होते. जिवाला कुणाच्या धक्का लागला नाही. मी बसने सुरतला आले. दिल्लीचा रंग तसाच राहिला.

पंधरा दिवसांनी कोसाडच्या आमच्या घरी चौकशी अधिकाऱ्यांकडून छापील फॉर्म आला. एक प्रश्न असा होता: घटनेपूर्वी काही असामान्य आवाज ऐकला काय? मी पेन बराच वेळ हातात धरून बसले. यजमान म्हणाले, कोर्टकचेरीत कशाला पडतेस, काय ते लिहून टाक आणि मोकळी हो. मी 'नाही' असे लिहिले. ती शिट्टी माझ्या कानाला असामान्य नव्हती, असे मी स्वतःला समजावले. त्याच आठवड्यात वर्तमानपत्रात वाचले की दारातली गळती वैमानिकाला न कळवल्याबद्दल एका हवाई सुंदरीला कामावरून दूर ठेवले आहे.

त्यानंतर मी रोज मिलमध्ये जात होते, रंगाच्या वाट्या मोजत होते, घरी येऊन पोळ्या करत होते. थकवा होता, पण कामाचा नव्हता. काकांच्या यंत्राची शिट्टी वाजली की मी प्रयोगशाळेचे दार लावून घेत असे.

दोन महिन्यांनी चौकशी अधिकारी स्वतः सुरतेला आले. मागच्या रांगांतल्या प्रवाशांना ते एकेक करून भेटत होते. सरकारी विश्रामगृहात त्यांनी मला बसवले. निवृत्तीला आलेले, मळकट सदऱ्यातले गृहस्थ. टेबलावर माझा फॉर्म आणि गार झालेला चहा. त्यांनी फारसे काही विचारले नाही. ती मुलगी काय सांगते तेवढे सांगितले: आवाज किरकोळ वाटला, फडके मीच माझ्या मनाने लावले, मला कुणी काही सुचवले नाही.

तिला माझी जागा ठाऊक होती. माझे नाव यादीत होते. तिने ते घेतले नव्हते.

"फोन तिच्या हातात होता," मी म्हणाले. माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. "माझ्या सांगण्यावरून तिने तो खाली ठेवला."

मग सगळे सांगितले: मिल, झाकण, काका, पट्टी. ते लिहीत गेले. मध्ये एकदाच थांबून विचारले, "ते यंत्र अजून तसंच चालतं?"

"हो."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. दाराचे रबर कोपऱ्यात आधीच फाटले होते, ते म्हणाले. ते तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटले, हा दोष तुमचा नाही आणि तिचाही नाही. "फडक्याने रबर उडालं नाही, मॅडम, ते उडणारच होतं. पण शिट्टी वाजत राहिली असती तर तिने कळवलं असतं आणि कॅप्टनने विमान वेळेवर खाली आणलं असतं." तिची नोकरी राहील का, असे मी विचारले. ते आपल्या हातात नाही, पण तुमचा हा कागद तिच्या फाइलला लागेल, असे ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकांच्या यंत्रावर पट्टी बांधलेली दिसली. मी यंत्र थांबवायला सांगितले. त्यांना वाटले मी थट्टा करते आहे.

"माल बिघडेल, ताई."

"बिघडू द्या."

"आज विमान उडाडानं शे का?" त्यांनी विचारले. आजूबाजूचे हसले, मग माझ्याकडे पाहून कामाला लागले. दाब उतरवून झाकण उघडले तेव्हा रबराचा एक तुकडा काकांच्या हातात आला. तो त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. शेठजी गुजरातीत पुष्कळ बोलले. डागाळलेला सगळा माल मी पुन्हा काळ्या रंगात काढून दिला, त्यात आठवडा गेला.

अहवालाची प्रत पावसाळ्यानंतर आली. 'मागील दारालगतच्या एका प्रवाशाच्या सांगण्यावरून' एवढ्या शब्दांत मी त्यात होते. कोपऱ्यात त्या अधिकाऱ्यांनी पेनने लिहिले होते: त्या पुन्हा कामावर रुजू झाल्या, तीन महिने घरी होत्या.

त्या तीन महिन्यांतले निदान दोन फॉर्मवरच्या माझ्या 'नाही' या एका शब्दाचे होते. त्या दोन महिन्यांत माझा मिलमध्ये एकही खाडा नव्हता.