डेरेकच्या रायफलींची खंडेनवमी

आधीच माफी मागून ठेवतो. ऱ्हस्व-दीर्घ माझं कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात. मराठी शाळा पुण्यात तिसरीत सुटली, इथली, म्हणजे इंग्लंडातली ब्रॅकनेलची, सोळाव्या वर्षी मीच सोडली. वेलांटी चुकली तर पोटात घाला. कारण मी जे करून बसलो ना, त्याच्यापुढे वेलांटीचं काय घेऊन बसलात!

ऐका तर. चहा घेत ऐका, पण घोट तोंडात असताना नको.

मी बंदुका दुरुस्त करायच्या दुकानात कामाला आहे. हसू नका. आई अजूनही महाराष्ट्र मंडळात "तो इंजिनिअरिंगमध्ये आहे" असंच सांगते. मालकाचं नाव डेरेक. साठीच्या पुढचा, फावड्याएवढे हात, बोलणं जवळजवळ नाही. मुलाखतीला गेलो तेव्हा मी लाजून एक शब्द बोललो नाही. डेरेक म्हणाला, "गुड. सोमवारपासून ये." आमच्या दुकानात दिवसभर जे काही बोलायचं ते किटलीच बोलते.

इथे हरणांच्या शिकारीचा शौक असणारे बरेच लोक आहेत. हौसेने महागडी रायफल घेतात, आणि ती भलतीकडेच मारते! मग ते ती घेऊन डेरेककडे येतात. त्या वेळी त्यांची तोंडं बघायची. मांडवात रुसून बसलेल्या जावयाची असतात तशी!

आणि डेरेक ती सुधारतो. कशी? सांगतो, कारण सगळी गंमत तिथेच आहे. गोळी सुटताना रायफलीची नळी थरथरते. तिला मोकळं थरथरू द्यावं लागतं. म्हणजे ती खालच्या लाकडाला कुठेही टेकता कामा नये. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये जाड पुठ्ठा सरकेल एवढी फट हवी. ही फट डेरेक हाताने कोरतो. मशीन नाही, काही नाही. शेवटी पुठ्ठ्याची पट्टी फटीतून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढतो, ती कुठे अडली नाही की "राइट देन" म्हणतो, आणि रायफल रॅकला लावतो. लांबलांबून लोक येतात ते त्या हातांसाठी.

आमचे माने काकाही असेच आले. लंडनजवळ पिनरला राहतात, रिटायर्ड डेंटिस्ट. आयुष्यभर लोकांच्या दाढा काढल्या आणि रिटायर झाल्यावर म्हणाले, आता हरीण! रायफल घेतली, ती कुठेही मारायची. डेरेकने ती अशी सरळ केली की काकांनी मला मिठीच मारली. "अरे, ऑक्टोबरात स्कॉटलंडला जातोय. अर्ध्या पिनरला हरणाचं मटण सांगून ठेवलंय मी!"

आणि मग खंडेनवमी आली.

आदल्या संध्याकाळी आई म्हणाली, "उद्या बाबांच्या लॅपटॉपला फूल घालणार, गाडीला घालणार, मिक्सरला घालणार. आणि तू? दिवसभर खऱ्या शस्त्रांत उभा असतोस!"

"आई, तिथे असलं चालत नाही."

"त्यांना विचारतंय कोण? पाच मिनिटांचं काम. आणि अक्षता भरपूर टाक. हात आखडू नकोस."

आता मी कुणालाच नाही म्हणू शकत नाही, आईला कुठून म्हणणार? हळद, कुंकू, एजवेअरहून आणलेली झेंडूची फुलं आणि डबीभर अक्षता घेऊन दुकानात गेलो. कुंकवात कालवलेल्या, अजून ओलसर.

डेरेक बाहेर कुरिअरवाल्याशी बोलत होता. आत रॅकवर त्याने त्या आठवड्यात तयार केलेल्या सगळ्या रायफली, माने काकांची पण, ओळीने उभ्या होत्या. न्यायला लोक दुपारी येणार होते. मी त्या बाकावर आडव्या ठेवल्या. प्रत्येकीला हळद-कुंकू लावलं, फूल वाहिलं आणि अक्षता टाकल्या. हात आखडला नाही! डोळे मिटून म्हणालो, "देवा, सगळ्यांचा नेम नीट लागू दे."

बाहेर कुरिअरवाल्याची व्हॅन सुरू झाली. मी घाबरलो. फुलं खिशात कोंबली. लोखंडावर कुंकू राहिलं तर गंजतं, एवढं कळतं मला, म्हणून तेलाच्या फडक्याने पुसलं. अक्षता मात्र चिकटून बसल्या होत्या. शेजारी हवा मारायच्या कॉम्प्रेसरचा पाइप होता. घेतला आणि फुस्स! फुस्स! सगळ्या गायब!

कुठे गेल्या? मला वाटलं, जमिनीवर.

तुम्हाला काय वाटतं?

दुपारी लोक आले, रायफली घेऊन गेले. संध्याकाळी आईने श्रीखंड वाढलं. मी दोनदा घेतलं.

दोन-चार दिवसांनी पहिला फोन आला. एका चर्चचे पाद्री. फारच सभ्य माणूस. म्हणाले, "डेरेक, मी बघतो तिथे सोडून ही बाकी सगळीकडे मारते." डेरेकने रायफल परत मागवली, तिच्यावरची दुर्बीण बदलली. फरक शून्य.

मग एक शेतकरी आला. त्याची पण तीच रड. डेरेकने सगळे स्क्रू परत घट्ट आवळले. फरक शून्य.

मग मिस्टर पार्सन्स नावाचे एक बँकेतले रिटायर्ड गृहस्थ स्वतः आले. टार्गेटचा कागद टेबलावर ठेवला. अहो, कागद कसला, गाळणी ती! डेरेकने त्यांची काडतुसं बदलून दिली. ते जाताना नुसतं म्हणाले, "तुझी चूक नसेल रे. माझंच काहीतरी झालं असेल." असं म्हणाले आणि मान खाली घालून गेले.

त्या दिवशी डेरेकने किटली लावली नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी काय विचार करत होतो सांगू? एवढी पूजा केली तरी हे असं, पूजा केली नसती तर काय झालं असतं!

खरंच. असाच विचार करत होतो.

डेरेकने सगळं तपासलं, पण एक गोष्ट उघडून बघेना. स्वतः कोरलेली फट. तिथे हात गेला की मागे यायचा. सगळं बदलून झालं, राहिलं फक्त त्याचं स्वतःचं काम. तेच चुकलंय हे डोळ्यांनी बघायची त्याची तयारी नव्हती.

आणि शनिवारी सकाळी माने काका स्कॉटलंडहून थेट दुकानात आले. खांद्यावर रायफल, चेहरा काळाठिक्कर.

"काका, हरीण?"

"हरणाचं नाव काढू नकोस! आधी टार्गेटवर मारून दाखवा म्हणाले. मी तीन गोळ्या मारल्या. एक डावीकडे गेली, एक वर गेली आणि एक कुठे गेली ते अजून कुणाला कळलेलं नाही. तिथला तो ताडमाड शिकारी गाइड माझ्याकडे बघून म्हणाला, 'सर, लॉजमध्ये चहा मिळतो.' अरे, सगळे डोंगरावर गेले आणि मी त्यांच्या बायकांबरोबर स्कोन खात बसलो! रोज! एकीने मला लोकरीची टोपी विणायला शिकवली!"

डेरेकला शब्द कळले नाहीत, पण चेहरा कळला. तो स्टुलावर बसला. इतकी वाक्यं त्याच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती.

"डॉक्टर, चूक रायफलीची नाही. माझी आहे. हात गेले माझे. एक बिघडली असती तर समजलो असतो, सगळ्याच बिघडल्यात. सोमवारपासून हे काम बंद. बहुतेक दुकानही."

 दुकान बंद? हे दुकान म्हणजे तो माणूस अख्खा! आणि माझं काय? दुसऱ्या मुलाखतीत तर बोलावं लागेल!

काका पण हादरले. चिडायला आले होते, आता काय करावं कळेना. उगाच रायफल हातात घेऊन उलटीसुलटी करायला लागले. मग उजेडाकडे धरली. मग एक डोळा बारीक केला.

"डेरेक, बारीक टॉर्च आहे?"

जुनी सवय हो. फट दिसली की वाकून बघायचं. खिशातून त्यांनी दातांच्या डॉक्टरचा तो छोटा आरसा काढला. रिटायर झाले तरी खिशात! आरसा फटीला लावला, टॉर्च मारला आणि म्हणाले, "हं. इथे काहीतरी अडकलंय. दोन दाढांमध्ये शीत अडकावं तसं."

डेरेकने बारीक तार दिली. काकांनी ती आत घातली, हळूच फिरवली आणि एक कण बाहेर येऊन टेबलावर पडला. मग दुसरा. मग तिसरा.

लाल. लांबट. बासमती.

माझ्या कानांत कुणीतरी कॉम्प्रेसर सोडला. फुस्स! फुस्स!

डेरेक वाकून बघत होता. "व्हॉट द ब्लडी हेल. कसली अंडी आहेत ही? किडा?"

काकांनी एक दाणा चिमटीत धरला. दाण्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत दाण्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात, मराठीत म्हणाले, "नवमीला?"

"हो काका."

"माझ्या एकट्याच्याच रायफलीला, की..."

"सगळ्यांच्या."

"अरे गाढवा!"

हा शब्द बहुतेक कुठल्याही भाषेत कळतो, कारण डेरेक सरळ उभा राहिला. "हा मुलगा काय म्हणतोय?"

काका म्हणाले, "तू सांग. मी नाही सांगणार."

मग मी बोललो. कामाला लागल्यापासून डेरेकशी जेवढं बोललो नव्हतो तेवढं एका दमात बोललो. आई, नवमी, शस्त्रं, लॅपटॉप, मिक्सर, सगळं. डेरेक ऐकत होता. चेहऱ्यावरची एक रेघ हलली नाही.

"म्हणजे तू माझ्या रायफलींवर तांदूळ टाकलेस."

"हो."

"आणि मग हवेने ते आत मारलेस."

"हो."

"का?"

आता खोटं कुठून आणणार? मी म्हणालो, "त्यांचा नेम नीट लागावा म्हणून."

 डेरेकने स्वतःचे दोन्ही हात समोर धरले. वरून बघितले, उलटे करून तळवे बघितले. बराच वेळ बघत राहिला. डोळ्यांत पाणी होतं की टॉर्चचा उजेड, मला सांगता येणार नाही. मग त्याच्या पोटातून काहीतरी घुमायला लागलं. मला वाटलं, आता हा मला मारणार. तो हसत होता! एवढा हसला की रॅक हलला.

काकांची रायफल साफ केली, दुकानामागच्या नेमबाजीच्या रेंजवर नेली. डेरेकने तीन गोळ्या मारल्या. कागदावर तीन भोकं एकमेकांना चिकटून, अगदी बेलाच्या पानासारखी. काका रायफलीकडे बघून म्हणाले, "आता मारतेस! आता! टोपी विणून झाल्यावर!"

मला वाटलं, सुटलो.

कसला सुटतो! डेरेक म्हणाला, "बाकीच्यांना फोन तू करायचा. उद्या सकाळी. प्रत्येकाला खरं सांगायचं."

फोन! मी! अनोळखी माणसाला पिझ्झा सांगायचा तरी मी धाकट्या बहिणीला फोन करायला लावतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी रविवार असूनही डेरेकने दुकान उघडलं. माझ्यासमोर चहा ठेवला, फोन ठेवला आणि स्वतः शेजारी बसला.

पहिला फोन पाद्रींना. चर्चला निघायच्या घाईत होते. "सर, तुमच्या रायफलीत तांदूळ आहे."  ते म्हणाले, "आमच्याकडे तो लग्नात टाकतात." सगळं समजावलं. ते म्हणाले, "बेटा, मी नवीन चष्मा करून आणला रे." मी तीनदा सॉरी म्हणालो. ते म्हणाले, तुझ्यासाठी प्रार्थना करतो. मला वाटतं, माझ्यापेक्षा जास्त गरज रायफलीला होती.

दुसरा फोन शेतकऱ्याला. त्याने मला जे शब्द ऐकवले, ते मंडळाच्या अंकात छापता येणार नाहीत.

तिसरा मिस्टर पार्सन्सना. फोन त्यांच्या बायकोने उचलला. मी पाठ केलेलं सगळं बोललो: रायफल घेऊन या, तांदूळ काढून देतो, मिस्टर पार्सन्सचा नेम चांगला आहे, दोष त्यांचा अजिबात नाही.

बाई एकदम कुजबुजायला लागल्या.

"हे बघ, माझं ऐक. त्याला वाटलं, पिऊन पिऊन हात थरथरतात म्हणून नेम चुकतोय. त्या दिवसापासून त्याने व्हिस्कीला हात लावलेला नाही. मी कितीतरी वर्षं मागे लागले होते, ते जमलं नाही. त्याला एक शब्द सांगायचा नाही. तो तांदूळ आहे तिथे राहू दे. कळलं?"

आता मी काय म्हणणार होतो? मी आयुष्यात कुणाला नाही म्हटलंय?

"येस मॅम," म्हणालो आणि फोन ठेवला.

डेरेक माझ्याकडे बघत होता. "काय म्हणाल्या? कधी आणतायत रायफल?"

खरं सांगायचं ठरलं होतं. पण बाईंना शब्द दिला होता. एवढं सगळं इंग्रजीत एकदम जुळेना. शेवटी तोंडातून जे निघालं ते निघालं.

"आणत नाहीत. त्यांना तांदूळ आवडला."