मागची सीट नसलेली गाडी

मंडळी, गेल्या महिन्यात मी मुलाकडे कायमची राहायला आले. आज तो आणि सूनबाई मला स्पोर्ट्स कारचं म्युझियम आणि फॅक्टरी दाखवायला घेऊन गेले. निघताना सूनबाईंनी पिशवीत नारळ ठेवला, तेव्हाच मला शंका आली. म्युझियम बघायला नारळ कशाला?

फॅक्टरीच्या शेवटी एका लाल गाडीची किल्ली तिथल्या माणसाने थेट मुलाच्या हातात दिली. मी आत डोकावले.

"अरे, मागची सीट कुठाय?"

"आई, स्पोर्ट्स कारला नसते."

"मग मी कुठे बसू?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मी नारळ फोडला. परतताना मुलाने मला शेजारी बसवलं. सूनबाई जुन्या गाडीतून मागे आल्या.

शंका घेणं पाप, असं माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या. तरी विचारते, ही शेजारची जागा किती दिवस माझी?