माझ्या शिष्येची फिजिओ मॅडम

त्या फिजिओ मॅडमचं तोंडही पाहिलं नव्हतं, तेव्हापासून ती मला आवडत नव्हती.

सामरवरणीत आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी भरतनाट्यम शिकवते. माझी सगळ्यात गुणी शिष्या दुधाचे दात पडायच्या वयात माझ्याकडे आली. वडील राखोलीच्या कारखान्यात, मूळचे जळगावकडचे. यंदा तिचं अरंगेत्रम ठरलं, म्हणजे एकटीने करायचा पहिला पूर्ण कार्यक्रम. आणि नेमकी तेव्हाच ती भलत्याच बाईचं ऐकायला लागली.

आल्या आल्या मांड्यांना रबरी पट्टा बांधून खेकड्यासारखी आडवी चालायची. "हे काय?" मी विचारलं.

"ताई, फिजिओ मॅडमनी सांगितलंय. कमरेचे मसल स्ट्राँग झाले की गुडघ्यावर लोड नाय येत."

मग अरमंडी. गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं, तर ही पूर्वीपेक्षा वरच थांबली. "खाली," मी म्हणाले. "मॅडम बोलल्या, बस एवढंच." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हिचे पाय मी घडवले, आणि माप ठरवणारी ही कोण?

जाब विचारायला मी मायलेकींसोबत मॅडमच्या सिल्वासातल्या क्लिनिकमध्ये गेले. बाई तरुण होती, हसतमुख होती, तेही खटकलं. तिने मुलीला टेबलावर झोपवून पाय खुब्यातून बाहेर वळवला. एका जागी तो थांबला. "हिचा खुबा इतकाच उघडतो. ह्यापुढे पाऊल ओढून वळवलं, तर पीळ गुडघ्याला पडतो. एवढ्यात बसली तर खूप वर्षं नाचेल."

"गुडघा दुखतो असं मला कधी बोलली नाही ही," मी म्हणाले.

"तुम्हाले सांगायला घाबरे ती, ताई," आई हळूच म्हणाली.

म्हणजे माझ्यापाशी बोलायचं दुखणं ती हिच्यापाशी बोलली. त्या पट्ट्यापेक्षा मला हे जास्त झोंबलं. उठताना मी खुर्चीच्या हातावर भार दिला, ते मॅडमने पाहिलं. "तुमचेही गुडघे बघू का?" मला काही झालेलं नाही, असं सांगून मी निघाले.

अरंगेत्रमला ती सुरेख नाचली. अरमंडी उंच होती, पण शेवटपर्यंत ढळली नाही. तिच्या वयात माझे पाय निम्म्यातच थरथरायचे आणि त्याला आम्ही साधना म्हणायचो. कार्यक्रम संपल्यावर ती विंगेत घुंगरू सोडायला उकिडवी बसली आणि हात न टेकता उठली. तिच्या नाचाचा मला कधी हेवा वाटला नाही, तो मीच दिलेला होता. त्या उठण्याचा मात्र वाटला. माझा खुबा कुठवर उघडतो, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

लोक जाईपर्यंत मी स्टेजवरच उगाच पडदे बघत रेंगाळले, कारण खाली उतरायच्या पायऱ्यांना कठडा नव्हता. ती परत आली आणि तिने हात पुढे केला.

"ताई, दुखरा पाय पहिले खाली टाका, मग दुसरा. तुमच्यासाठी मॅडमना विचारून ठेवलं होतं."

पुन्हा मॅडम. मी दुखरा पाय आधी टाकला. खरंच कमी दुखलं, आणि त्या बाईवर मी आणखीच जळले.