बेताचा चढ

काका गेल्याचा फोन आला तेव्हा बाबा आमच्या सीवूड्सच्या घरी चहा गाळत होते. ‘बरं’ म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि गाळलेला चहा परत पातेल्यात ओतला. दोघे भाऊ बरेच दिवस बोलत नव्हते... कारण तळोज्याजवळची दगडखाण.

खाण काका चालवायचे, पैसे दोघांचे. लहानपणी सुट्टीत ते मला सोबत न्यायचे. “ही बोलत नाय. आपला धंदा बाहेर सांगनार नाय,” असं कामगारांना हसून सांगायचे. खडीचा ढीग सगळ्यांना दिसतो, खर्च दिसत नाही, हे मला तिथेच कळलं. आधी पदरचे पैसे घालून वरची माती हलवायची, मग सुरुंग, खडी फोडणाऱ्या क्रशरचे झिजणारे जबडे, डिझेल. खाण जितकी खोल, तितका दगड वर आणणं महाग. म्हणून डंपरच्या वाटेवर काकांचं फार लक्ष असे. “चढ बेताचा पायजे. उभ्या चढावर गाडी डिझेल नाय, नफा पिते.”

परवान्याची मुदत संपत आली तेव्हा चांगला दगड उरला होता तो त्या वाटेखालीच. खाण बंद करताना वाट फोडून नेतातच. वर माती नसल्याने तो दगड सगळ्यात स्वस्त पडतो. क्रशरचं कर्ज त्यातून फिटलं असतं. काका नाही म्हणाले. खाणीत पाणी साठणार, बाकी सगळीकडे उभे कडे, आत उतरलेलं जनावर, माणूस वर कुठून येणार? बाबा चारचौघांत म्हणाले, “जन्मभर डोंगर फोडलास, आता दगडाची माया आली होय?”

“दगडाची नाय, दादा,” काका म्हणाले. एवढंच. क्रशर तोट्यात विकला गेला. कर्ज त्यांनी एकट्याने फेडलं.

तेराव्यानंतर बाबांनी मला गाडी खाणीकडे घ्यायला सांगितली. पाणी हिरवं, स्थिर. दोन बायका डोक्यावर धुण्याच्या बादल्या घेऊन, गप्पा मारत त्या वाटेने वर येत होत्या. बाबा गुडघ्यांमुळे सोसायटीचा जिनासुद्धा टाळतात. ते पाण्यापर्यंत उतरले आणि कुठेही न थांबता वर आले. मग मागे वळून बघत राहिले...

“बेताचा ठेवलाय त्याने,” म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.