जिवलीचा पाय

गंजाडच्या एका पाड्यावर जिवली जन्मली ती पायांकडून. आधी दोन पाय जगात आले, मग बाकीची जिवली. अशा माणसाला पायाळू म्हणतात. पायाळूवर वीज पडते म्हणून पावसात लोक त्याच्यापासून चार हात लांब उभे राहतात, आणि तेच लोक कंबरेत उसण भरली की वाकत, कण्हत त्याच्याच दारात येतात. पायाळूचा पाय लागला की उसण उतरते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पद्धत ठरलेली. दुखणाऱ्याने ओटीवर पालथं पडायचं, तोंड उगवतीला. जिवलीने डाव्या पायावर उभं राहून उजवा तळवा त्याच्या कंबरेला तीनदा टेकवायचा, अगदी हलके. आणि तेवढ्या वेळात हात कशालाच लावायचा नाही, ना खांबाला ना भिंतीला. हात लागला की गुण गेला, असं तिच्या आईने तिला लहानपणीच बजावलं होतं.

तलासरीपासून माणसं यायची. ज्या चिकूच्या वाडीत ती क्रेट भरायला जायची, तिथला मालक एरवी तिला ‘ए जिवले’ म्हणून हाक मारायचा. एकदा तोही तिच्या ओटीवर पालथा पडला आणि दुसऱ्या दिवसापासून ‘जिवलीबाई’ म्हणू लागला. नवरा लवकर गेला, जमीन म्हणाल तर घरापुढचा तुकडा. पण हा पाय होता. तिला जो काही मान होता तो त्या पायामुळे, आणि हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

आणि मग तिचीच कंबर गेली. दोन वर्षांपूर्वी भाताच्या आवणीत, चिखलात वाकून रोपं लावत मागे मागे सरकताना कंबरेत अशी कळ आली की बायकांनी तिला उचलून बांधावर आणून ठेवलं. आता पायाळूच्या पाठीला पाय कोण लावणार? डॉक्टर झाला, हाडवैद झाला, मुलगा मिथुनने डहाणूहून पट्टा आणला. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: हलू नको. सून निर्मलाने तर तिला पाण्याचा हंडासुद्धा शिवू दिला नाही. सगळं मायेपोटीच, पण जिवली आठ महिने खाटेवर पडून राहिली.

उठली तेव्हा दुखणं होतं तेवढंच होतं, वर चालणं बिघडलेलं. वळताना तोल जायचा. पाय धुताना एक पाय उचलला की अंग एका बाजूला कलायचं, म्हणून ती बसून पाय धुऊ लागली. लोक उसण घेऊन यायचे ते येतच होते. जिवली घाईघाईने तीनदा पाय टेकवायची, तो जमिनीवर येईस्तोवर श्वास रोखून धरायची आणि मग पदराने घाम पुसायची. कुणाला कळलं नाही. कळलं असतं तर काय राहिलं असतं तिच्याकडे?

पाऊस ओसरता ओसरता शाळेत कंबरदुखीचं शिबिर भरलं. तपासायला दक्षा नावाची एक फिजिओथेरपिस्ट आली होती, वयाने निर्मलाएवढी. प्रत्येकाला ती एका पायावर उभं करत होती. जिवलीची पाळी आली तशा रांगेतल्या बाया हसल्या. शेजारची बुधीबाई म्हणाली, “हिला काय सांगता बाय, हिचं कामच हाय ते.”

जिवलीने उजवा पाय उचलला. दक्षा मोजू लागली. तीनलाच जिवलीने टेबल धरलं.

“फरशी गुळगुळीत हाय,” ती म्हणाली.

दक्षाने वाद घातला नाही. तिला बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाली, “मावशी, कंबर मोडलेली नाही तुमची. पडून पडून तिची सवय गेलीय, तोल सांभाळायची. दुखलं तरी रोज चाला, थोडं थोडं वाढवत. आणि सकाळ-संध्याकाळ खांब धरून एका पायावर उभ्या राहा. महिनाभराने हात सोडून बघा. तोवर धरूनच करायचं हं, त्यात लाज कसली?”

लाज कसली म्हणे! तिला काय माहीत? जिवलीने दोन दिवस केलं. तिसऱ्या दिवशी खांबाला धरून एका पायावर उभी असताना बुधीबाई कुंपणापाशी येऊन थांबली आणि नुसती बघत राहिली. जिवलीने पाय खाली ठेवला, केर काढायचं नाटक केलं, आणि त्यानंतर त्या खांबाला हात लावला नाही. दक्षाने औषध बरोबर दिलं होतं, पण ते चारचौघांसमोर घ्यायचं होतं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मिथुन वाडीतून वाकडा होऊनच आला. चिकू काढायला तो झाडाच्या शेंड्यापर्यंत चढायचा. त्या दिवशी मात्र भरलेलं क्रेट उचलताना उसण भरली होती. ओटीवर पालथा पडत तो म्हणाला, “आये, पाय लाव बिगी. उंद्या गाडी भरायचीय.”

तेव्हा जिवलीला नाही म्हणता आलं असतं. खांब धरता आला असता. एवढंच म्हणायचं होतं, ‘पोरा, माझ्यानं आता उभं राहवत नाय.’ पोटचा पोर होता, त्याने काय हसायचं होतं? पण निर्मला दारात उभी होती, कुंपणापलीकडे बुधीबाई होती, आणि खांब धरून लावलेल्या पायाने उसण उतरते हे जिवलीला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं. तिने हात मोकळे ठेवले.

पहिल्यांदा पाय टेकला. दुसऱ्यांदा टेकला. तिसऱ्यांदा डावा घोटा लटपटला आणि सबंध जिवली, टाचेवर सगळा भार, मिथुनच्या कंबरेवर कोसळली. तो ओरडला तसा तो लहानपणीसुद्धा कधी ओरडला नव्हता.

दवाखान्यात काढलेल्या फोटोत मणक्याला तडा दिसला. वर्षभर झाडावर चढायचं नाही, पुढचं पुढे बघू, असं डॉक्टर म्हणाले. वाडीत आता निर्मला जाते. मिथुन दाराशी खाटेवर पडून असतो. आईला तो एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. जिवली त्याला भरवते, कुशीवर वळवते, आणि तो भिंतीकडे बघत राहतो.

थंडी पडली. पाड्यावरचं आता कुणी उसण घेऊन येत नाही. पण लांबच्यांना काय ठाऊक? एका रविवारी सरावलीहून एक माणूस मोटारसायकलवर बायकोला घेऊन आला. बायको कंबरेत पार वाकली होती.

“पायाळू मावशींचं घर हेच ना?” त्याने विचारलं.

जिवली ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. “हेच.”

“त्या आहेत का घरात?”

जिवलीने सूप खाली ठेवलं. “मेली ती,” ती म्हणाली. “दिवालीच्या आधी.”

“अरेरे! खूप नाव ऐकलं होतं हो.” माणसाने टोपी काढली. बायको रडवेली झाली. “मग आता मी कुठं जाऊ?”

“दक्षा म्हणून पोरगी हाय, डॉक्टरीण. शिबिराला येते. ती सांगेल तसं कर बाय. कुणी बघत असंल तरी कर.”

ती दोघं गेली. खाट दोन हातांवर होती आणि मिथुन जागा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. ‘आये, असं काय बोलतेस?’ एवढं तरी तो म्हणेल म्हणून जिवली हातातलं काम थांबवून वाट बघत बसली. त्याने नजर भिंतीकडे फिरवली.