काट्याखालची जागा

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोऱ्यांच्या कबरस्तानात बसून केळी खाल्ली. रविवार होता, सकाळचे साडेनऊ वाजले असतील. दगडी कठड्यावर बसलो होतो. डॉक्टरनं साखरेमुळं मला अख्खं केळं बंद केलेलं. म्हणून ही अर्धं मोडून द्यायची. एक झालं की दुसऱ्यातलं अर्धं. असं करून ती मला एक केळं पुरं चारायची आणि डॉक्टरचंही ऐकलं म्हणायची.

माहिती सांगणारी पोरगी आली. म्हणाली, "आजी, इथं खायचं नसतं."

"का गं? ह्यांच्यातलं कुणी वाटा मागतंय का?"

बरोबरची माणसं हसली. पोरगीही हसली. हिनं सालं पिशवीत भरली आणि पदरानं कठडा पुसून घेतला.

कबरी बघायला तिकीट काढून जायचं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. आमची सून कंपनीत कंप्युटरवर असते. पहिल्या वेळी तिनं फोनवरून दोन जागा घेतल्या होत्या, आणि ऐन रविवारी तिला काम निघालं. म्हणाली, तुम्ही दोघं फिरून या, पायांनाही बरं. मी म्हणालो, "मेलेली माणसं बघायला तिकीट?" तर ही चप्पल घालत म्हणाली, "मग जित्ती कोण फुकट दावतंय?"

पिंपळे गुरवला पोराच्या फ्लॅटवर आल्यापासून ती कुठं गेली नव्हती. चाकणकडचं गाव सुटलं, रान सुटलं. लिफ्टची तिला भीती वाटायची. ती बाई लष्कराच्या हद्दीला लागून असलेल्या त्या जुन्या कबरस्तानात अशी चालली की मला मागं पडायला झालं. ती पोरगी पुढं, तिच्यामागं दहा-बारा माणसं, सगळी शिकलेली, पाठीला सॅक, हातात पाण्याची बाटली. त्यात आम्ही दोघं. मी चौथीत शाळा सोडलेला. हिला सहीपुरतं नाव यायचं, तेही पोरानं शिकवलेलं. पोरगी दगडावरचं इंग्रजी वाचायची, मग मराठीत सांगायची. हा सायब पटकीनं मेला. ही बाई बाळंतपणात गेली. मला त्यात काही गोडी नव्हती. मेला तो मेला. सायब असो नाहीतर हमाल.

मग कोपऱ्यात बारकी थडगी लागली. उशीएवढाले दगड. पोरगी म्हणाली, "ही मुलांची. हा चार महिन्यांचा. ही अकरा दिवसांची."

ही थांबली. "किती म्हणालीस?"

"अकरा दिवस, आजी."

"नाव हाय तिचं?"

"हो, लिहिलंय ना."

ही वाकली आणि त्या दगडावर पंजा ठेवून बसली. माणसं पुढं गेली तरी उठेना. मला कळलं. पण मी न कळल्यासारखं केलं आणि म्हणालो, "चल, ऊन झालं."

आमची पहिली पोरगी नऊ दिवसांची असताना गेली. बारसं झालं नव्हतं, म्हणून नाव नव्हतं. आमच्याकडं दात न आलेलं पोर जाळत नाहीत, पुरतात. बाया जात नाहीत, आणि बाळंतीण तर खोलीबाहेर पडत नाही. मी आणि माझा चुलता, दोघंच गेलो. चुलत्याच्या धोतराच्या तुकड्यात पोर गुंडाळलेली. आमच्याच रानात, ओढ्याच्या काठाला, उंबराच्या मुळाजवळ कमरेइतका खड्डा घेतला. खाली मीठ, वर मीठ. माती लोटली, वर दगड ठेवले, दगडांवर बाभळीच्या काट्या टाकल्या, कोल्ह्या-कुत्र्यानं उकरू नये म्हणून. हात रक्ताळले दोघांचे. चुलता म्हणाला, "जागा तिला सांगू नगंस. बाई तिथं जाऊन बसली की फुडचं टिकत न्हाई." मी मान हलवली.

घरी आल्यावर हिनं एवढंच विचारलं, "काट्या टाकल्या का?"

"टाकल्या."

"लई?"

"लई."

मग ती भिंतीकडं तोंड करून पडली. त्यानंतर पोर झालं, ते जगलं, मोठं झालं, त्याचं लगीन झालं. एवढ्या वर्षांत तिनं जागा विचारली नाही. रानात कामाला यायची, पण ओढ्याकडं बघायची नाही. मला वाटायचं विसरली असंल. पुरुषाला असं वाटून घ्यायला फार सोपं जातं.

पुढं ते रान कंपनीला गेलं. नुसतं आमचं नाही, ओढ्याकडची सगळ्यांचीच रानं गेली. मशीन आलं तेव्हा मी बांधावर उभा होतो. आधी उंबर पाडलं. मग काठ कापून ओढ्यात लोटला आणि ओढा पायपात घातला. मशीनवरच्या माणसाला मी हात केला असता तर तो थांबला असता. निदान विचारलं तरी असतं की काय हाय. मी हात केला नाही. चार माणसं बघत होती. म्हातारं नऊ दिवसांच्या पोरीसाठी मशीन थांबवतंय, असं म्हणतील, ही लाज वाटली. खरं तर मी तेव्हा म्हाताराही नव्हतो.

त्या दिवशी सांजच्याला ही चुलीपुढं होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "ती जागा राहिली का गेली?"

मी म्हणालो, "राहिली. कंपनीच्या भिंतीभायेर आली."

"बरं झालं," म्हणाली आणि भाकरी उलटली.

हे खोटं मी वीस वर्षं जपलं. त्याला जपावं लागलंच नाही म्हणा, कारण तिनं पुन्हा विचारलं नाही. पण ह्या कबरस्तानांच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि तिचं तोंड उघडलं. सून महिन्यातून एकदा आमच्या जागा काढायची. एकदा दुसरीकडच्या जुन्या थडग्यांवर नेलं, पण हिला ते आवडलं नाही. म्हणाली, "हितं पोरं न्हाईत." म्हणून आम्ही त्याच त्या गोऱ्यांच्या कबरस्तानात तीनदा गेलो. ती पोरगी म्हणायची, "आजी, तुम्हाला आता पाठ झालं असेल." व्हय, पाठच झालं होतं. कुठला दगड किती दिवसांचा, हे ही मला घरी येऊन सांगायची. आणि सांगून झालं की विचारायची, "आपली कुठं ठिवली?"

"उंबराखाली."

"मला दाव."

"दावू की."

पाऊस संपू दे म्हणालो. मग गुडघा दुखतोय म्हणालो. मग गाड्यांना गर्दी असती म्हणालो. एकदा तर चिडून म्हणालो, "एवढं मेलेलं उकरून काय मिळायचंय तुला?" तिनं दोन दिवस मला चहा सुनेकडून पाठवला.

त्या शेवटच्या रविवारी तिनं माहितीवाल्या पोरीला बाजूला घेतलं. "बाय, पोराला नावच ठिवलेलं नसंल तर दगडावर काय लिवत्यात?"

पोरगी एका तुटक्या दगडाशी घेऊन गेली. "हे बघा आजी. ह्या बाळाचं नाव नाहीये. नुसतं लिहिलंय, अमक्या-अमकीची तान्ही मुलगी."

"म्हंजी आईचं नाव?"

"आईवडिलांचं, दोघांचं."

"बापाचं ऱ्हाऊ दे," ही म्हणाली. पोरगी हसली. माझ्याकडं बघून म्हणाली, "आजोबा, ऐकलंत का?" मीही हसलो. काय करणार होतो?

मग तिनं ती केळी काढली. खाताना म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं चाकणला जाऊ. आता कारण सांगू नगासा. माझ्या छातीत कसंतरी व्हतंय चार दिवस. बघून घेतली म्हंजी झालं."

मी म्हणालो, "जाऊ."

छातीचं तिनं सांगितलं आणि मी जाऊ म्हणालो. डॉक्टरचं माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोक्यात काय चाललं होतं तेही लिहितो. कंपनीच्या पलीकडं, जिथं ओढा पायपातून बाहेर पडतो, तिथं एक दुसरं उंबर आहे. तिला तेच दाखवायचं, असं मी ठरवत होतो. खाली चार दगड लावायचे आणि म्हणायचं, ही बघ. ती पाया पडली असती. मी शेजारी उभा राहिलो असतो. केळ्याचा तुकडा तोंडात असताना मी हे ठरवत होतो.

घरी येऊन ती जेवली, निम्मी भाकरी. उद्याची पिशवी भरली आणि दाराच्या खुंटीला लावली. मग आडवी झाली. चारला चहा टाकून सुनेनं हाक मारली, ओ आली नाही. मी गेलो. हात लावला. हात लावल्यावर कळतं, डॉक्टर लागत नाही.

माणसं जमली. दिवस मावळायच्या आत नदीकाठच्या गॅसदाहिनीत नेली. लोखंडी दार वर गेलं, ती आत गेली, दार खाली आलं. तिथला माणूस म्हणाला, "अस्थी उद्या अकराला मिळतील, पावती आणा." पोरानं पावती खिशात घातली. बायका म्हणत होत्या, सोनं झालं, सवाष्ण गेली. मला त्यांच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे दमून पडलेले असताना मी उठलो. सुतक होतं, बाहेर पडायचं नव्हतं. खुंटीची पिशवी घेतली आणि नाशिक फाट्यावरून चाकणची गाडी धरली. उभ्यानंच गेलो. शिफ्टची पोरं होती, एकानं जागा दिली तरी बसलो नाही. उतरून कंपनीच्या मागच्या अंगाला गेलो. पलीकडं ते दुसरं उंबर दिसत होतं, चांगलं हिरवंगार. त्याच्याकडं मी गेलो नाही.

मागच्या भिंतीला जाळीचं फाटक आहे. आत मालाचे ट्रक लावतात. सगळं सिमेंट. ओढ्याचा काठ कुठून वळायचा ते मला अजून डोळे मिटून सांगता येतं. भिंतीपासून तिसऱ्या रांगेतला ट्रक उभा होता, तिथं. आता कुठलं कोल्हं उकरणार? काट्याही लागत नाहीत.

पिशवी उघडली. पाण्याची बाटली, दोन केळी, आणि कागदात बांधलेलं मीठ. मिठाचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. बायांना कुणी सांगावं लागत नाही.

जाळीतून हात जाईल तेवढा घालून मीठ आत टाकलं. मग विटेचा तुकडा शोधला. भिंतीच्या बुडाशी, गवताच्या वरच्या अंगाला, उकिडवा बसून हिचं नाव लिहिलं. पन्नास वर्षांत मी तिचं नाव लिहिलं नव्हतं, कधी मोठ्यानं घेतलंही नव्हतं. अक्षरं वाकडी आली. खाली लिहिलं, हिची मुलगी. माझं नाव घातलं नाही.

मग म्हणालो, "अगं, जागा न्हाई राहिली. मी खोटं बोललो."

मागून वॉचमन आला. मराठवाड्याकडचा असावा. "काय लिहायलाव बाबा भिंतीवर?"

"माझी पोरगी आत पुरलीय. कंपनी व्हायच्या आधी. तिच्या आईचं नाव हाय."

त्यानं वाकून नाव वाचलं. "आई कुठंय तिची?"

"काल गेली."

त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली. म्हणाला, "बाबा, मला पुसावं लागंल. नऊला सायेब चक्कर मारतेत. माझी नोकरी हाय."

"पूस. पर नऊला पूस."

त्यानं घड्याळ बघितलं आणि फाटकाशी जाऊन बसला. मी भिंतीपाशीच बसलो. खिशात फोन वाजत होता, पोराचा असणार. नऊला तो बादली आणि फडकं घेऊन आला. पहिल्यांदा खालचं पुसलं, मग नाव. विटेचा रंग लगेच जात नाही, दोनदा पाणी घ्यावं लागलं. ओली भिंत वाळेपर्यंत मी थांबलो. वाळल्यावर काही दिसत नव्हतं.

मग फोन उचलला, आणि अस्थी आणायला गेलो.