टाळूवरचा काळा ठिपका

कवळीच्या आतल्या बाजूला, टाळूला टेकते तिथं, मोहरीएवढा काळा ठिपका असे. आमच्या दंतवैद्यांच्या वार्षिक मेळाव्यात भर सभेत मी सांगितलं, ही माझी खूण. ती माझी नव्हती. हे मी यंदापर्यंत कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही.

ती खूण आमच्या मिस्त्रींची.

"हात काढा, डाक्टर." मिस्त्री म्हटलं की मला आधी हेच ऐकू येतं. माझा लोणावळ्याच्या बाजारात माडीवर दवाखाना. मिस्त्री कुसगावहून चालत येत, माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठे. घराणं सुताराचं. पहिल्या वर्षी ते नुसते कवळ्या घासायला होते. तिसऱ्या वर्षी कवळी पहिल्यापासून शेवटपर्यंत तेच करत आणि मी दारावर पाटी लावून बसे.

कवळ्या तेव्हा रबराच्या. साच्यात रबर भरायचं आणि बंद भांड्यात वाफेवर शिजवून टणक करायचं. भरताना मिस्त्री गुलाबी रबरात काळ्या रबराचा एक कण दाबून बसवत. "गवंड्याला भिंत वळखू येती, मला कवळी नगं का वळखू याया?" असं म्हणत.

आता त्यांची खरी करामत. बिनदाताच्या माणसाचे जबडे एकमेकांवर नेमके कुठं बसतात हे ठरवणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड भाग. आम्ही शिकलेले लोक रोग्याच्या तोंडात मेणाच्या पट्ट्या बसवायचो, हनुवटी धरायचो आणि जबडा मागं रेटायचो. मिस्त्रींनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हात काढा, डाक्टर. त्यांचं तोंड हाय, त्यांनला ठावं हाय." मग रोग्याला म्हणाले, "आबा, गिळा." आबांनी आवंढा गिळला आणि मिटलेला जबडा आपसूक जागेवर आला. इतकंच. पण इतकं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.

त्यानंतर बोलण्याची परीक्षा. त्या वर्षांत तुम्ही आमच्या माडीखालून गेला असाल तर "कामशेत, कामशेत" असा जवळच्या स्टेशनाच्या नावाचा जप ऐकला असेल. तो रोग्यांचा. "शेत म्हणताना शिटी वाजली," म्हणत मिस्त्री मेण तासत. स्टेशनावरच्या एका तिकीटबाबूंना त्यांनी बारा वेळा कामशेत म्हणायला लावलं. बाबू वैतागले. "अहो मिस्त्री, मी काय गाडी सोडतोय?"

"गाडी सुटंल बाबू. दात सुटाया नगं."

शेवटची परीक्षा भाकरीची. मिस्त्री स्वतःच्या फडक्यातली भाकरी मोडून देत. ती चावून होईपर्यंत रोग्याला जिना उतरता येत नसे. दुपारी त्यांना पुष्कळदा अर्धीच भाकरी उरे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी एका वर्षी मेळावा लोणावळ्यात एका बंगल्यावर भरला. मुंबई-पुण्याची मंडळी सहकुटुंब आली. सकाळी निबंध आणि प्रात्यक्षिकं, दुपारी पंगत, मग फोटो आणि बायकांची गाणी. गावचा म्हणून मलाही प्रात्यक्षिक दिलं होतं. मी विषय कळवला, 'जबड्याची जागा ठरवण्याची एक नवी रीत'. खाली माझं एकट्याचं नाव. मिस्त्रींना म्हणालो, "हत्यारांची पेटी घेऊन चला." रिवाज असा होता की दिवाणखान्यात फक्त सभासद बसत. बरोबर आलेली कामाची माणसं व्हरांड्यात. मिस्त्री दाराच्या चौकटीशी उभे राहिले.

वराळ्याच्या एक मावशी रोगी म्हणून आल्या होत्या. त्यांच्या तोंडातली मिस्त्रींनी केलेली कवळी काढून मी बशीत ठेवली, मेणाच्या पट्ट्या बसवल्या आणि चाळीस डॉक्टरांसमोर, जुन्या सवयीनं, त्यांची हनुवटी धरली.

"हात काढा, डाक्टर."

दारातून हळूच आलं, पण साऱ्या दिवाणखान्यानं ऐकलं. माना वळल्या. मी हसून म्हणालो, "आमचे मिस्त्री. पेटी धरायला आणलेत." सगळे हसले. मी हात काढला. मावशींनी दाराकडे पाहिलं; मिस्त्रींनी स्वतःच आवंढा गिळून दाखवला आणि मावशींनी तसाच गिळला. जबडा जागेवर. टाळ्या माझ्या.

अध्यक्ष मुंबईचे, मोठे नाणावलेले. त्यांनी बशीतली कवळी उलटीपालटी केली. "हा काळा ठिपका कसला?"

माझ्याकडे वेळ होता. घाईत तोंडून गेलं असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो, ते खोटं आहे. मी दाराकडे पाहिलं, मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो, "ती माझी खूण. मी प्रत्येक कामावर घालतो."

परतताना पेटी त्यांच्याच हातात. बाजाराच्या तोंडाशी ते एवढंच म्हणाले, "मावशीनी ब्येस गिळलं."

दुसऱ्या आठवड्यात एका रोग्याची नवी कवळी तयार झाली. मी उलटून पाहिली. ठिपका नव्हता.

"मिस्त्री, खूण राहिली का?"

"न्हाई राह्यली. ती आता तुमची हाय. म्या कशी घालू?" रागाचा सूर नव्हता. सुटी मागावी तसं बोलले आणि भट्टीकडे वळले.

त्यानंतर सात वर्षं त्यांनी माझ्याकडे काम केलं. काम तसंच, तोच गिळा, तेच कामशेत, तीच अर्धी भाकरी. ठिपका मात्र एकाही कवळीवर नाही. मी दोनदा माफीची वाक्यं जुळवली आणि दोन्ही वेळा रोग्याबद्दल काहीतरी विचारून मोकळा झालो. इकडे त्या रीतीला लोक माझ्या नावानं ओळखू लागले. कुणी पत्रात तसं लिहिलं की मी ते पत्र मिस्त्रींच्या नजरेआड ठेवी.

गेल्या वर्षी ते छातीच्या दुखण्यानं गेले. दहाव्यानंतर त्यांच्या घरी गेलो तर वहिनींनी, मिस्त्रींच्या बायकोनं, फडक्यात बांधलेली त्यांची स्वतःची कवळी पुढं केली. म्हाताऱ्यानं ती कधी केली मला माहीत नव्हतं.

"ही कुटं ठिवू, डाक्टर? टाकवंना."

मी ती उलटली. टाळूशी मोहरीएवढा काळा ठिपका होता.

यंदा मेळावा पुन्हा लोणावळ्यात आहे. चिटणिसांकडे मी दहा मिनिटं मागितली. त्यांनी विषय विचारला. म्हटलं, माझ्या जुन्या प्रात्यक्षिकाची दुरुस्ती. सगळं ऐकून ते म्हणाले, "अहो, हे निबंधांत कुठं बसवू? जेवणानंतर करमणुकीत घ्या ना. मंडळी खुशीत असतात."

मी नाही म्हणालो. सकाळीच, त्याच दिवाणखान्यात, पहिल्या निबंधाच्या आधी. आणि त्या वेळी वहिनी व्हरांड्यात नाही, आत पुढच्या खुर्चीवर बसतील. चिटणीस म्हणाले, रिवाज नाही. मग त्या बसेपर्यंत मीही दारातच उभा राहीन, असं त्यांना लिहून दिलं आहे.

मिस्त्रींचं नाव मी इथं कुठं लिहिलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ते नाव पहिल्यांदा त्या सभेत उच्चारायचं आहे, जिथं ते माझ्या नावाखाली गेलं. तेवढं मी करीन. त्यांच्या तोंडावर मागायची माफी मात्र माझ्याकडे राहिली आहे.